कच्चे मांस, चपळ श्वान आणि आपले कुटुंब

शिकारी जातीच्या श्वानाला काय खाऊ घालावे, यासंबंधी कुटुंबाच्या आरोग्याच्या दृष्टीने एक विचार

सोलापूर, सांगली, लातूर, धाराशिव या भागांत उंच पायांचा, अरुंद कमरेचा आणि खोल छातीचा कारवान हाउंड पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. लांब रेशमी केसांचा असेल तर त्याला पश्मी म्हणतात. सीमेपलीकडे कर्नाटकात याच घराण्याचा श्वान मुधोळ या नावाने ओळखला जातो. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी श्वानांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळला मानाचे स्थान मिळाले. गेल्या काही वर्षांत हा श्वान शेतातल्या वस्तीवरून शहरातल्या सदनिकेतही आला आहे. त्याच्याबरोबर एक नवा प्रश्नही घरात आला आहे: याला कच्चे मांस द्यावे काय?

आपल्या घरी असा श्वान असेल, तर हा सल्ला आपल्या कानावर आला असेलच. तो देणाऱ्यांचे म्हणणे सरळ आहे. कुत्रा हा लांडग्याचा वंशज आणि लांडगा काही चूल पेटवीत नाही. मग कच्चे मांस, हाडे आणि काळीज हाच त्याचा स्वाभाविक आहार. ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ साली लिहिलेल्या पुस्तकाने या विचाराला जगभर चालना दिली. हा आहार सुरू केल्यावर केस चमकू लागले, विष्ठा कमी व घट्ट झाली, श्वान आवडीने खाऊ लागला, असे अनेक पालक सांगतात. त्यांचे निरीक्षण खोटे मानण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या फायद्याचे श्रेय कशाला द्यायचे, हा.

श्रेय मांसाचे की कच्चेपणाचे?

केसांची चमक मुख्यतः आहारातील स्निग्धांश आणि उत्तम प्रथिनांमुळे येते. विष्ठा कमी होते, कारण मांस जवळजवळ पूर्ण पचते आणि चोथा थोडाच उरतो. हे दोन्ही गुण शिजवलेल्या मांसातही तितकेच असतात. शिजवताना काही घटक पाण्यात उतरतात, हृदयाच्या स्नायूंना उपयोगी असलेले टॉरिन त्यांपैकी एक. म्हणून मांस थोड्या पाण्यात शिजवावे आणि ते पाणी न फेकता अन्नातच मिसळावे.

लांडग्याची उपमाही अर्धीच खरी आहे. कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना २०१३ साली प्रसिद्ध झाली. पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या विकरासाठी लागणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक असल्याचे तीत दिसले. माणसाच्या चुलीशेजारी हजारो वर्षे राहिलेल्या या प्राण्याने धान्य पचवायला शिकून घेतले आहे. आपल्याकडील खेड्यांत ज्वारीची किंवा मक्याची भाकरी, दूध आणि जमेल तेव्हा अंडे यांवर हा श्वान वाढला, हा त्याचाच दाखला. मात्र त्या आहारात प्रथिने अनेकदा कमी पडत, हेही मान्य केले पाहिजे.

धावणाऱ्या श्वानाचा हिशेब

पंचवीस किलो वजनाच्या प्रौढ श्वानाला निव्वळ विश्रांतीच्या स्थितीत दिवसाला सुमारे ७८० कॅलरी लागतात. नित्याच्या हालचालीसह ही गरज साधारण १२५० ते १५५० पर्यंत जाते आणि रोज मोकळ्या रानात धावणाऱ्या हाउंडची त्याहूनही अधिक होते. कच्च्या आहाराचा प्रचलित नियम असा की, वजनाच्या दोन ते तीन टक्के अन्न द्यावे. म्हणजे पंचवीस किलोच्या श्वानाला ५०० ते ७५० ग्रॅम. चरबी काढलेल्या कोंबडीच्या १०० ग्रॅम मांसात सुमारे १२० कॅलरी असतात. याचा अर्थ, एवढे मांस देऊनही त्याला ६०० ते ९०० कॅलरीच मिळतील. श्वान हळूहळू रोडावत जातो. आणि ही जात मुळातच सडपातळ असल्याने ते आपल्या लवकर ध्यानात येत नाही. शेवटच्या दोन-तीन बरगड्या अंधुक दिसणे या जातीत निरोगी आहे. पाठीचा कणा आणि कमरेची हाडे टोचू लागणे हे उपासमारीचे लक्षण आहे.

दुसरा हिशेब कॅल्शियमचा. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र असते. श्वानाच्या शरीराला मात्र कॅल्शियम फॉस्फरसइतके किंवा थोडे अधिक लागते. केवळ मांसावर वाढविलेल्या पिल्लाचे शरीर ही तूट भरून काढण्यासाठी स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढून घेते. मग पाय वाकतात आणि किरकोळ उडीतही हाड मोडते. उलट, घाबरून कॅल्शियमच्या गोळ्या भरमसाट दिल्या, तर मोठ्या जातीच्या पिल्लाचे कोवळे शरीर ते जादा कॅल्शियम अडवू शकत नाही आणि सांध्यांची वाढ बिघडते. म्हणून वाढत्या पिल्लाच्या आहाराचे प्रयोग घरी करू नयेत. पशुवैद्यांनी ठरवून दिलेला किंवा मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी तयार केलेला समतोल आहारच द्यावा.

हाडांविषयी थोडक्यात सांगायचे, तर शिजवलेले हाड कधीही देऊ नये. त्याचे टोकदार तुकडे होतात. कच्चे हाडही निर्धोक नाही. नळीच्या हाडाने दात तडकतो. कोंबडीची मान घाईने गिळणाऱ्या हाउंडच्या घशात अडकू शकते आणि मोठा तुकडा आतड्यात अडून शस्त्रक्रियेची वेळ आणतो.

घरातील इतरांचे काय?

आपल्या दृष्टीने खरा महत्त्वाचा भाग येथे सुरू होतो. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू वारंवार आढळतात. निरोगी श्वानाच्या जठरातील आम्ल तीव्र असल्याने तो स्वतः आजारी पडेलच असे नाही. परंतु त्याच्या विष्ठेतून ते जिवाणू बाहेर पडत राहतात, आणि जेवल्यावर तोंडालाही लागलेले असतात. तेच तोंड तो घरातल्या बाळाच्या गालाला लावतो. फ्रीजरमध्ये ठेवल्याने हे जिवाणू मरत नाहीत, केवळ स्वस्थ बसतात. अमेरिकेतील पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ साली कच्च्या प्राणिजन्य आहाराविरुद्ध भूमिका घेतली, तिच्यामागे हेच कारण होते. पाच वर्षांखालील मूल, गर्भवती स्त्री, वृद्ध किंवा कर्करोगाचे उपचार घेणारी व्यक्ती घरात असेल, तर कच्चे मांस घरात न आणणे हाच शहाणपणा.

आपल्याकडे याहूनही अधिक जपावे असा एक रोग आहे. शेळ्या-मेंढ्या आणि गुरे यांच्या यकृतात किंवा फुप्फुसात कधी कधी पाण्याने भरलेले फोड दिसतात. त्यांत एकिनोकॉकस नावाच्या पट्टकृमीच्या अळ्या असतात. असे अवयव कच्चे खाल्ले की श्वानाच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे अनेक कृमी वाढतात. श्वान धडधाकट दिसतो. परंतु त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, अंगावरील केसांना चिकटतात आणि आपल्या हातांवाटे पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तसेच फोड वर्षानुवर्षे वाढत राहतात. यालाच हायडॅटिड रोग म्हणतात आणि त्यावर बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेची गरज पडते. जत्रेत किंवा घरच्या कार्यात बकरा कापला की काळीज, फुप्फुस आणि वजडी कुत्र्यापुढे टाकण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. ती मोडली पाहिजे. फोड असलेला अवयव जाळावा किंवा कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल पुरावा. जंताचे औषध देताना त्यात प्राझिक्वांटेल आहे ना, हे पशुवैद्यांना आवर्जून विचारावे; प्रत्येक गोळीत ते नसते आणि त्याच्याविना हा कृमी जात नाही.

मधला मार्ग

मांस द्यावे, पण शिजवून द्यावे, हा आपल्या हवामानाला आणि कुटुंबपद्धतीला मानवणारा मार्ग आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुकानातून घरी येईपर्यंतच मांस बिघडू लागते, हे विसरू नये. सुमारे पंचवीस किलो वजनाच्या, प्रौढ व चपळ श्वानासाठी एका दिवसाचा नमुना असा:

• कातडीसह, हाडे काढलेले कोंबडीचे मांस: ४०० ग्रॅम (कच्चे वजन)
• काळीज: २५ ग्रॅम, याहून अधिक रोज दिल्यास अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊ शकतो
• उकडलेले अंडे: १
• ज्वारीचे पीठ किंवा तांदूळ: १५० ग्रॅम, मऊ शिजवून
• लाल भोपळा किंवा गाजर: १०० ग्रॅम
• तेल: १ मोठा चमचा
• अंड्याच्या कवचाची उकळून, वाळवून केलेली बारीक पूड: १ सपाट चहाचा चमचा, म्हणजे सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम

यातून साधारण १५०० कॅलरी मिळतात. जस्त, तांबे, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांची पूर्तता मात्र यातून होत नाही. त्यासाठी श्वानांसाठीचे खनिज-जीवनसत्त्व मिश्रण पशुवैद्यांच्या सल्ल्याने घालावे. दर पंधरवड्याला वजन करून प्रमाण कमी-अधिक करावे. घरच्या रश्श्यातील मटण देऊ नये. त्यातील कांदा आणि लसूण श्वानाच्या रक्तपेशींना घातक आहेत. द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेटही वर्ज्य.

दिवसाचे अन्न दोन किंवा तीन वेळांत विभागावे. खोल छातीच्या जातींत जठर फुगून स्वतःभोवती पिळवटण्याचा धोका असतो. एकाच वेळी भरपूर आणि घाईने खाणे हे त्याचे एक कारण. धावून आल्यावर तासभर विश्रांती द्यावी, मग अन्न. आणि जेवणानंतर दोन तास धावणे नको. पोट ताठ फुगले, उमासे येऊनही काही बाहेर पडत नसेल, लाळ गळत असेल आणि श्वान अस्वस्थपणे फिरत असेल, तर घरगुती उपाय करीत बसू नये. मध्यरात्र असली तरी त्याला तत्काळ पशुवैद्यांकडे न्यावे. येथे काही तासांचा विलंबही प्राण घेतो.

तरीही कच्चे द्यायचेच ठरविले तर

निर्णय आपला आहे. पण मग पुढील पथ्ये कसोशीने पाळावीत.

१. काळीज, फुप्फुस, वजडी हे अवयव शिजवूनच द्यावेत.
२. मांसासाठी वेगळी सुरी, पाट आणि भांडे ठेवावे. ती स्वयंपाकाच्या भांड्यांबरोबर घासू नयेत.
३. उरलेले अन्न लगेच उचलावे, जागा पुसावी आणि हात साबणाने धुवावेत.
४. विष्ठा रोज उचलावी. भाजीच्या वाफ्यात ती कधीही जाऊ देऊ नये.
५. मुलांना श्वानाकडून तोंड चाटून घेऊ देऊ नये आणि त्याच्याशी खेळून आल्यावर हात धुतल्याखेरीज जेवायला बसवू नये.
६. कृमिनाशकाचे वेळापत्रक पशुवैद्यांकडून लिहून घ्यावे आणि घरातल्या दिनदर्शिकेवर नोंदवावे.

यांतील पाचवे आणि सहावे पथ्य, खरे पाहता, श्वान पाळणाऱ्या प्रत्येक घरासाठी आहे. मग त्याच्या ताटलीत भाकरी असो वा मांस.