बेघर मनोरुग्ण : मनासोबत शरीरही तपासा

रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्णाला दवाखान्यात आणले की सगळ्यांचे लक्ष त्याच्या वागण्याकडे जाते. पायाची जखम, जुना खोकला मागे राहतो. ‘वेडसर आहे, म्हणून ओरडतो’ असे आपण म्हणतो. पण तो दुखते म्हणूनही ओरडत असेल.

काय तपासावे?

• जखमा व त्वचा : अनवाणी फिरल्याने जखमा चिघळतात, कधी अळ्याही पडतात. खरूज, उवा पाहाव्यात. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये.
• क्षयरोग : दोन आठवड्यांहून जास्त खोकला असल्यास थुंकी तपासावी. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत आहेत.
• कुपोषण व रक्तक्षय : बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम पोटभर जेवू घालू नये. रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडून हृदयाला धोका होतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने आहार हळूहळू वाढवावा.
• रक्तदाब, साखर, दात, डोळे. महिलांमध्ये गरोदरपणाची तपासणीही.

अचानक बरळणे सुरू झाले तर

ताप, डोक्याला मार, साखर कमी होणे किंवा दारू एकदम बंद होणे, यांमुळेही माणूस भ्रमात जातो. ही तातडीची स्थिती आहे. मनोरुग्ण आहे म्हणून थांबू नका, लगेच रुग्णालयात न्या.

औषधे सुरू झाल्यावर

मनोविकाराच्या काही औषधांनी वजन व साखर वाढते. म्हणून सुरुवातीला, तीन महिन्यांनी व पुढे दरवर्षी तपासणी हवी. काही औषधांमुळे घाम कमी येतो. यवतमाळच्या उन्हाळ्यात त्यामुळे उष्माघाताचा धोका वाढतो. सावली आणि पाणी द्या. लिथियम घेणाऱ्याला जुलाब-उलट्या झाल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवा. औषध मनानेच बंद करू नका.

तुम्ही काय करू शकता?

अशी व्यक्ती दिसल्यास पोलिसांना कळवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या भटक्या मनोरुग्णाला संरक्षणात घेणे पोलिसांचे कर्तव्य आहे. २४ तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते. कोठडीत ठेवता येत नाही. सल्ल्यासाठी टेलिमानस १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

कर्जतच्या ‘श्रद्धा’ संस्थेचे डॉ. भरत वाटवानी यांना अशा रुग्णांना बरे करून घरी पोहोचवण्याच्या कामासाठी २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे रुग्ण बरे होतात, घरी परततात. तोवर त्यांचे शरीर टिकले पाहिजे.