‘रंग रसिया’त कुंभकोणमला जागा हवी होती

केतन मेहता यांचा ‘रंग रसिया’ आवडतो आणि खटकतोही. रणजित देसाईंच्या ‘राजा रविवर्मा’ या कादंबरीवर बेतलेला हा चित्रपट 2008 साली तयार झाला, प्रेक्षकांपुढे यायला मात्र 2014 उजाडलं. देवांना माणसाचा देह दिला म्हणून चित्रकाराला कोर्टात खेचलं जातं, तेव्हा हा चित्रपट ठामपणे त्याच्या पाठीशी उभा राहतो. ते धाडस मला मोलाचं वाटतं. पण सगळी कथा चित्रकार रविवर्मा आणि त्यांची मॉडेल सुगंधा यांच्याभोवतीच फिरू लागते, तेव्हा रुखरुख लागते.

कारण या गोष्टीची एक मुळी कावेरीकाठी आहे. रविवर्मांचे पहिले गुरू म्हणजे मामा राजराजवर्मा. ते तंजावर शैलीत रंगवत. या शैलीत फळीवर कापड चिकटवायचं, खडूची पूड आणि डिंकाच्या लेपानं दागिने उठावाचे करायचे, त्यावर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे बसवायचे. एवढी मेहनत एका चित्रामागे, आणि ते लागणार एकाच भिंतीवर.

असा एका भिंतीवरचा देव घरोघरी न्यायचा सल्ला रविवर्मांना दिला तो टी. माधवरावांनी. 1828 साली कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरच्या मराठी मंडळींतले हे गृहस्थ. कोवळ्या वयाचे रविवर्मा तिरुवनंतपुरमच्या दरबारी आले, तेव्हा तिथले दिवाण तेच. पुढे बडोद्याचेही झाले. चित्रांची मागणी दोन हातांनी पुरी होणार नाही, निवडक चित्रं छापून घ्या, असं त्यांनी सुचवलं. 1894 साली मुंबईत रविवर्मांचा छापखाना निघाला. छपाई दगडावरून: रंगागणिक वेगळा दगड, एकाच कागदावर एकामागून एक छाप. कागद जरा सरकला की लक्ष्मीचे ओठ गालावर. देवळाची पायरी ज्यांना बंद होती, त्यांच्याही भिंतीवर देव आले ते या कारागिरीमुळे. शृंगारातली पाच मिनिटं कमी करून ती माधवरावांच्या सल्ल्याला द्यायला हवी होती.

रविवर्मांचे धाकटे बंधू सी. राजराजवर्मा यांच्या बाबतीतही तेच. ते स्वतः उत्तम निसर्गचित्रकार, थोरल्यांच्या कामात बरोबरीचे. 1895 पासून त्यांनी लिहिलेली इंग्रजी रोजनिशी छापलेली आहे. प्रवास, गिऱ्हाइकं, छापखान्याच्या कटकटी, सगळं तीत आहे. चित्रपट जरूर पाहा, रविवर्मा साकारणाऱ्या रणदीप हुडासाठी आणि त्या रंगांसाठी. पण रविवर्मांचा कामाचा दिवस कसा जाई, हे हवं असेल तर ही रोजनिशी वाचायला घ्या.