टाकीचा तळ कुठे असतो?

टेबलावर ठेवलेल्या टाकीचा तळ कुठे, हे कुणालाही सांगता येते. पण तीच टाकी छोट्या मॉडेल विमानात बसवून उडवली, की तळ जागा बदलू लागतो. घरी टाकी बनवणाऱ्या हौशी माणसाला त्या फिरत्या तळाचा पाठलाग करावा लागतो, आणि तोही एवढ्याशा डबीत!

तारांवर उडणारी ‘कंट्रोल लाइन’ विमाने घ्या. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात राहणाऱ्या जिम वॉकर यांनी १९४० च्या दशकात हा प्रकार लोकप्रिय केला. उडवणारा मैदानाच्या मध्यभागी उभा राहतो. त्याच्या हातातल्या मुठीपासून दोन बारीक तारा विमानाच्या डाव्या पंखात शिरतात आणि विमान त्याच्याभोवती गरगरत राहते. कसरतीचे विमान साधारण २० मीटर त्रिज्येवर सव्वापाच सेकंदांत एक फेरी मारते. म्हणजे वेग ताशी सुमारे ८६ किलोमीटर. या फिरण्यामुळे इंधन गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ तिप्पट जोराने टाकीच्या उजव्या, बाहेरच्या भिंतीवर दाबले जाते. तळ आता तिथे आहे! विमान कोलांटी मारते किंवा उलटे उडते, तेव्हा तो पुन्हा सरकतो.

इंजिनाला या उलथापालथीशी काही देणेघेणे नसते. त्याला अखंड धार हवी, आणि तीही भरपूर. इंधन असते मिथेनॉल, वंगणासाठी एरंडेल आणि बहुधा थोडे नायट्रोमिथेन यांचे मिश्रण. एक ग्रॅम मिथेनॉल पूर्ण जळायला सुमारे साडेसहा ग्रॅम हवा लागते, तर पेट्रोलला जवळपास पंधरा. त्यामुळे तेवढ्याच हवेसाठी हे इंजिन पेट्रोलच्या दुपटीहून अधिक इंधन पिते. इथे ठिणगीही नसते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस रे आर्डेन यांनी बाजारात आणलेल्या ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे वेटोळे असते. ते सुरुवातीला बॅटरीने तापवतात. पुढे ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमवर होणारी मिथेनॉलची रासायनिक क्रिया त्याला लाल ठेवतात. बॅटरी काढून घेतली तरी इंजिन चालूच राहते. मात्र बहुतेक इंजिनांना पंप नसतो. कार्बोरेटरची ओढ क्षीण असते, आणि नळीत हवेचा एखादा बुडबुडा शिरला तरी इंजिन अडखळते.

म्हणून टाकीला आकार देतात पाचरीचा. कथिलाचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यावर घडी कागदी नमुन्याने आखायची, पत्रा कात्रीने कापायचा, वाकवायचा आणि कडांना डाग द्यायचा. आतली बाजू रुंद, बाहेरची निमुळती. इंधन घेणाऱ्या पितळी नळीचे तोंड त्या निमुळत्या कडेशी, मागच्या कोपऱ्यात ठेवायचे. विमान पुढे झेपावते तेव्हा इंधन मागे लोटले जाते आणि फेरीत बाहेर फेकले जाते. शेवटचा थेंबही तिथेच गोळा होतो. नळीचे तोंड पाचरीच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असल्याने सुलटे काय नि उलटे काय, टाकीला फरक पडत नाही.

तरी एक अडचण उरते. टाकी रिकामी होत जाते तशी इंधनाची पातळी नळीच्या दिशेने सरकते, दाब घटतो, मिश्रणात इंधन कमी पडते आणि इंजिनाचा सूर चढत जातो. यावरचा उपाय विलक्षण साधा आहे. त्याला ‘युनिफ्लो’ म्हणतात. हवा आत घेणारी नळी वर मोकळी न सोडता तिचे तोंड इंधन घेणाऱ्या नळीच्या जवळ, इंधनात बुडवून ठेवायचे. इंधन भरायची तिसरी नळी उड्डाणात बंद. आता बाहेरची हवा त्या तोंडातून बुडबुड्यांनी आत येते. म्हणजे त्या जागी दाब नेहमी बाहेरच्या हवेइतकाच. इंधनावरच्या पोकळीतला दाब मात्र त्याहून थोडा कमी असतो. इंधन घटते तसा तो नेमका तेवढाच वाढतो आणि पातळी उतरल्याची भरपाई करतो. हवेच्या नळीचे तोंड उघडे पडेपर्यंत इंजिनाला टाकी भरलेली की अर्धी, हे कळतच नाही! काचेच्या सलाइनच्या बाटलीत हवेच्या सुईतून बुडबुडे वर जाताना पाहिलेत? तत्त्व तेच. सतराव्या शतकातले फ्रेंच शास्त्रज्ञ एद्म मारिऑत यांच्या नावाने ते ओळखले जाते.

टाकी तयार झाली की दोन नळ्या बंद करून ती पाण्यात बुडवतात आणि तिसरीतून हळूच फुंकतात. बुडबुडा दिसला की तिथे पुन्हा डाग. इंधन भरून झालेल्या टाकीला मात्र ती नीट धुऊन वाळवल्याशिवाय डाग देऊ नये. मिथेनॉल विषारी असते आणि उजेडात त्याची ज्योत जवळपास दिसतच नाही.

खरी परीक्षा हवेत होते, आणि हत्यार असते स्टॉपवॉच. सुलट्या आणि उलट्या फेरीची वेळ मोजायची. सुलटी फेरी लवकर पूर्ण झाली, तर टाकी इंजिनाच्या मानाने खाली बसली आहे. ती किंचित वर घ्यायची. उलटी लवकर झाली, तर खाली. पुठ्ठ्याच्या जाडीइतका हा फरक, पण दोन्ही वेळा जुळल्या की समजायचे, टाकीने फिरता तळ पकडला.