गाडीतला ढोल बसला तर

खत-बियाण्याचे सोडून हा गृहस्थ आज गाण्याच्या पेटीवर काय लिहायला बसला, असे तुम्हाला वाटेल. पण मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता आणि कल्याणचा रस्ता जिथे मिळतात, त्या शीळफाट्याच्या आसपास एकदा फिरून पाहा. शीळ, डायघर, पडले, देसाई, खिडकाळी, कुठल्याही गावात गोठ्याशेजारी एखादी जुनी मोठी चारचाकी उभी दिसेल. दूध तीत जाते, भाजी तीत जाते, पोरीची ओटी भरायला तीच जाते. अशा काही गाड्यांत कंपनीनेच मागच्या कोपऱ्यात किंवा सीटखाली एक काळी पेटी बसवलेली असते. तिला सबवूफर म्हणतात. टाटांची हेक्सा २०१७ साली बाजारात आली, तिच्या वरच्या मॉडेलात अशी पेटी होती. त्या गाड्याही आता जुन्या झाल्या.

या पेटीचे काम ढोलाचे. गावच्या डीपीजवळ उभे राहिलात तर जो घूंऽ आवाज येतो, तो सेकंदाला साधारण १०० कंपनांचा असतो. सबवूफर मुख्यतः त्याहूनही खालचे आवाज काढतो. त्यासाठी पडदा मोठा लागतो आणि विजेचा जोर वेगळा लागतो. तो जोर देणारा अ‍ॅम्प्लिफायर पेटीतच किंवा जवळपास असतो. खरी मेख तिथेच आहे.

गाणे बंद पडले तर पीक बुडत नाही. पण ज्या बॅटरीवर गाणे वाजते, तिच्यावरच गाडी सुरू होते. किल्ली काढली की अ‍ॅम्प्लिफायर झोपला पाहिजे. बिघडलेला कधीकधी झोपत नाही. तो नुसता एक अँपिअर जरी खात राहिला, तरी ६० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी अडीच दिवसांत रिकामी होते, आणि स्टार्टर त्याच्या बराच आधी मान टाकतो. आमच्या ओळखीच्या एका दूधवाल्या कुटुंबाची गाडी दर तिसऱ्या दिवशी पहाटे ढकलावी लागे. बॅटरी दोनदा बदलली. घरातली सून दिवस भरलेली. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायची वेळ आली तर काय, या काळजीने म्हातारीला झोप नव्हती. शेवटी मुक्या झालेल्या त्या पेटीचा फ्यूज काढून ठेवला आणि गाडी रोज एका किल्लीत सुरू होऊ लागली. तुम्हीही हे करून पाहू शकता. गाडी बंद करून तासाभराने अ‍ॅम्प्लिफायरला हात लावा. कोमट लागला तर चोर सापडला.

आता दुरुस्तीचे. पंप बंद पडला की आपण आधी मोटर खोलतो का? आधी फ्यूज बघतो, मग स्टार्टर, मग केबल. इथेही तसेच करा. आधी रेडिओच्या सेटिंगमध्ये सबवूफरचा आवाज शून्यावर तर नाही ना, ते पाहा. पोरे बटणे दाबतात. मग फ्यूज पाहा. डॅशबोर्डखालच्या किंवा बॉनेटमधल्या फ्यूजपेटीच्या झाकणावर बहुधा नकाशा असतो. गेलेला फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घाला. स्टार्टरमध्ये तार गुंडाळायची आपल्याकडची सवय इथे कराल तर गाडीला आग लागेल.

फ्यूज ठीक असेल तर वायर पाहा. पेंढ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर शिरतो आणि वायर कुरतडतो. हा रोग मी गोदामात पाहिला तितकाच गाड्यांतही पाहिला आहे. मात्र पुढच्या सीटखाली पिवळी वायर किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर हात लावू नका. ते एअरबॅगचे असते.

आता पेटी उघडा. त्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडवा. काही गाड्यांचा रेडिओ नंतर सांकेतिक आकडा मागतो, तो कागदपत्रांत आधी शोधून ठेवा. मधल्या काळ्या पडद्याच्या कडेला मऊ कडी असते. ती फोमची असेल तर दहा-पंधरा वर्षांत, त्यात आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत, कुजून भुगा होते. बोट लावताच तुटली तर रोग हाच. आवाज फाटका येतो तो यामुळेच. कडी धड असेल तर दोन्ही हातांनी पडदा अलगद दाबा. खरखर लागली तर आतली कॉइल घासते आहे. जळका वास आला तर तो तुम्हाला सांगायला नको, पंपाच्या वाइंडिंगचाच असतो.

स्पीकरच्या वायर सोडवून मल्टिमीटर लावा. ४ ओहमचा स्पीकर साधारण ३ ते ४ दाखवतो. काहीच दाखवले नाही तर कॉइल तुटली. चार टोके असतील तर कॉइल दोन आहेत, दोन्ही मोजा. मीटर नसेल तर टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. पडदा टक्‌ करून हलला तर कॉइलमधून वीज जाते आहे. मग दोष वायरीत किंवा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शोधा.

दुकानदार म्हणेल, सगळेच नवे बसवू. लगेच मान डोलावू नका. नुसती फोमची कडी गेली असेल तर ती सुटी मिळते आणि मंडपाचे लाउडस्पीकर दुरुस्त करणारा कारागीर ती चिकटवून देतो. कॉइल जळाली तर मात्र स्पीकर बदललेला बरा. नवा घेताना तोंडाचा घेर आणि खोली मोजा आणि जुन्याच्या चुंबकामागचा ओहमचा आकडा वाचा. कंपनीच्या पेट्या ४ ओहमच्याच असतात असे नाही, २ च्याही असतात. जुन्यापेक्षा कमी ओहमचा लावला तर अ‍ॅम्प्लिफायरवर भार वाढून तो जळू शकतो. अधिक-ऋण टोके उलटी जोडली तर स्पीकर मरत नाही, पण ढोलाचा आवाज पोकळ होतो.

भंगारातल्या गाडीचा स्पीकर स्वस्त पडतो. शीळफाट्याच्या बाजूला भंगाराची गोदामे आहेत. तिथे घ्या, पण सेल लावून पाहूनच, आणि पावती घेऊनच. गाडीची १५ वर्षांची नोंदणी संपत आली असेल तर मी म्हणेन, आधी टायर आणि ब्रेक पाहा, पेटी राहू द्या.

दुरुस्त झाल्यावर पोरे हळदीला आवाज चढवतील. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ ठरवली आहे. शिवाय धारेच्या वेळी गोठ्याजवळ अचानक असा दणका झाला की गाय पान्हा चोरते.

काम गॅरेजवाल्याकडून करून घेतलेत तर काढलेला जुना स्पीकर मागून घ्या. त्याची कडी आणि कॉइल घरी मोजून पाहा. खरेच गेला होता की नाही, ते तिथेच कळेल.