ओलाव्याचा आकडा बागेतून निघतो तेव्हा

आयओटी शिकायचं म्हटलं की बहुतेक जण आधी बोर्ड विकत घेतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ईएसपी-३२ सहज मिळतो आणि संध्याकाळपर्यंत घरातला दिवा मोबाइलवरून चालू-बंद होऊ लागतो. त्यातला आनंद खरा आहे. पण पुढचं शिक्षण खऱ्या गरजेच्या कामातूनच होतं. मी डाळिंबाच्या बागेतलं ठिबक सुचवेन. आज पाणी सोडायचं की नाही, हे मातीतली ओल मोजून ठरवायचं. प्रश्न एकच, पण उत्तर चुकलं तर ते झाडावर दिसतं. मुळापाशी निघालेला आकडा शेतकऱ्याच्या मोबाइलवर पोहोचेपर्यंत वाटेत कुठे कुठे खोटा पडू शकतो, हे ओळखता येणं मला या विद्येत सर्वांत मोलाचं वाटतं.

सुरुवात सेन्सरपासून. स्वस्तातले सेन्सर दोन प्रकारचे असतात. एक मातीतून वीज सोडून तिला होणारा रोध मोजतो. त्याच्या उघड्या पट्ट्या ओल्या मातीत झिजत जातात आणि आकडा भरकटतो. दुसरा कपॅसिटिव्ह. त्याच्या पट्ट्या लेपाखाली झाकलेल्या असतात आणि माती किती विद्युतभार धरते यावरून तो पाण्याचा अंदाज घेतो. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ८०, कोरड्या मातीचा जेमतेम ३ ते ५, त्यामुळे ओल थोडी वाढली तरी फरक दिसतो. शेतासाठी हाच घ्यावा आणि वरच्या टोकाचं उघडं सर्किट इपॉक्सीने बंद करावं.

हा सेन्सर फक्त व्होल्टेज देतो. बोर्ड त्याचा ० ते ४०९५ मधला एक आकडा करतो. २१०० म्हणजे ओलं की कोरडं, हे बोर्डाला ठाऊक नसतं. ते आपण मातीला विचारायचं. बागेला भरपूर पाणी द्यावं, जादा पाणी निचरून वाफसा येऊ द्यावा आणि त्या वेळचा आकडा टिपावा. सेन्सरशेजारची माती काढून लगेच वजन करावी, मग १०५ अंश सेल्सिअसवर २४ तास वाळवून पुन्हा वजन करावी. वजनातली घट म्हणजे पाणी. माती सुकत जाईल तसं हे चार-पाच वेळा केलं की त्या जमिनीपुरता आलेख तयार होतो. ‘त्या जमिनीपुरता’ हे शब्द महत्त्वाचे. मुरमाड जमिनीचा आलेख काळ्या जमिनीला लावता येत नाही. काळी जमीन पाणी जास्त धरते, पण त्यातलं बरंचसं इतकं घट्ट धरते की मुळांना ते ओढता येत नाही. शिवाय ती सुकताना भेगाळते. भेग नेमकी सेन्सरलगत पडली तर पट्टीभोवती हवा राहते आणि बाजूची माती ओली असूनही आकडा कोरडं सांगतो. सेन्सर थेट ड्रीपरखाली पुरला तर उलटी फसगत होते, कायम ओलंच दिसतं. ड्रीपरपासून थोडं अंतर सोडून, मुळं जिथे पाणी घेतात त्या खोलीवर तो बसवावा. या टप्प्यावर घाई करू नये, कारण इथली चूक पुढचं कोणतंही सॉफ्टवेअर दुरुस्त करत नाही.

मग वीज. २५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आणि सतत जागा राहून ८० मिलिअँपिअर खाणारा बोर्ड, म्हणजे सव्वा दिवसात खेळ संपला. तोच बोर्ड दर अर्ध्या तासाने ५ सेकंद जागा झाला आणि बाकी वेळ गाढ झोपला, तर सरासरी खर्च पाव मिलिअँपिअरच्याही आत येतो आणि कागदावर बॅटरी वर्षभर पुरते. प्रत्यक्षात अनेक तयार बोर्डांवरचा दिवा आणि व्होल्टेज रेग्युलेटर, चिप झोपली तरी, जागेच असतात. त्यांनी ५ मिलिअँपिअर खाल्ले की वर्षाचे तीन आठवडे होतात. म्हणून झोपेतला करंट मल्टिमीटरने स्वतः मोजावा.

बागेत वाय-फाय नसतं. तिथे लोरा हे लांब पल्ल्याचं रेडिओ तंत्र उपयोगी पडतं. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्ट्यात ते परवान्याविना वापरता येतं. मोकळ्या रानात काही किलोमीटर पोहोचतं, पण एका वेळी मोजके बाइटच नेतं. त्यात नोडचा, म्हणजे बागेतल्या त्या सेन्सर-बोर्डाचा क्रमांक, बॅटरीचं व्होल्टेज आणि सेन्सरचा कच्चा आकडा एवढंच पाठवावं. कच्चाच, कारण आलेख पुढे सुधारला तर जुन्या नोंदी नव्याने वाचता येतात.

घरावरचा गेटवे हे निरोप घेऊन एमक्यूटीटीने पुढे धाडतो. ही पद्धत अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी घडवली. महागडी, तुटक जोडणी गृहीत धरूनच ती बांधलेली आहे, म्हणून खेड्यातल्या नेटवर्कवरही टिकते. मधे ब्रोकर असतो. पाठवणारा विषयाच्या नावाने निरोप टाकतो, ज्यांनी तो विषय मागितला आहे त्यांना तो मिळतो. गेटवे अचानक गप्प झाला तर त्याने आधीच ठेवून दिलेला ‘मी गेलो’ हा निरोप ब्रोकर सर्वांना देतो. लोरावरच्या नोडना ही सोय नाही. तिथे सर्व्हरनेच पाहायचं, की कोणत्या नोडचा आवाज दीड-दोन तासांत आला नाही. उंदराने वायर कुरतडली तरी मोबाइलवर कालचा आकडा दिमाखात उभा असतो. प्रत्येक आकड्याशेजारी त्याची वेळ दाखवलीच पाहिजे.

दहा नोड झाले की सांभाळणं हेच मुख्य काम होतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातलेच पासवर्ड राहिलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. म्हणून प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र किल्ली हवी आणि गेटवेचा प्रोग्रॅम दुरून बदलता यायला हवा. दुरून बदलताना जुना प्रोग्रॅम दुसऱ्या कप्प्यात राखून ठेवावा, म्हणजे नवा बिघडला तर उपकरण आपोआप मागे येतं.

व्हॉल्व्ह मात्र सर्वांत शेवटी जोडावा. आधी एक हंगाम नुसतं पाहावं, आकडा आणि हाताने उकरून पाहिलेली माती रोज ताडून बघावी. जोडल्यावर ‘उघड’ हा आदेश ब्रोकरवर साठवून ठेवू नये. शेतातली वीज रात्री परत आली की व्हॉल्व्हचा कंट्रोलर पुन्हा जोडला जातो, दुपारचा साठवलेला आदेश त्याला तेव्हा मिळतो आणि कुणी जागं नसताना पाणी सुटतं. आदेशासोबत वेळ जावी, शिळा आदेश कंट्रोलरने नाकारावा आणि ठरलेली मिनिटं संपताच, नेटवर्क असो वा नसो, व्हॉल्व्ह त्याने स्वतःच बंद करावा.