आधी झोपायची जागा, मग सोफा

डोंबिवलीत, कल्याणच्या खडकपाड्याला किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडला नव्या फ्लॅटची चावी हातात पडली की पहिली खरेदी बहुतेक हॉलची होते. एल आकाराचा सोफा, टीव्ही युनिट, काचेचा टीपॉय, जमलं तर फॉल्स सीलिंग. बेडरूमच्या वाट्याला उरलेले पैसे येतात आणि गादी तर पलंगासोबत दुकानदार देईल ती. पाहुणे महिन्यातून दोन-तीनदा येतात, तासभर बसतात. पहाटेची लोकल पकडून रात्री नऊ-साडेनऊला घरी टेकणारं माणूस त्या घरात रोज जे काही करतं, त्यातला मोठा भाग झोपच असते. तिच्यासाठी आपण सर्वांत कमी विचार करतो, हे मला मनापासून खटकतं.

ही सवय कुठून आली, ते शोधताना गिरगाव-परळच्या चाळीपर्यंत मागं जावं लागतं. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. तीच दिवसा बैठकीची, तीच जेवायची, तीच रात्री निजायची. सकाळी गाद्या गुंडाळून कोपऱ्यात चळत लावायची आणि रात्री पुन्हा पसरायच्या. सामान म्हणजे एक लोखंडी कॉट, घडीच्या दोन खुर्च्या आणि ऐपत असेल तर गोदरेजचं कपाट. गोदरेजनं 1923 मध्ये पोलादी कपाटं करायला घेतली आणि पुढं ते कपाट मराठी मध्यमवर्गाच्या लग्नाच्या यादीत जाऊन बसलं. चाळीतली ही कुटुंबं पुढं डोंबिवली-ठाण्याला आली ती दुसऱ्या खोलीच्या ओढीनं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतंत्र ‘बाहेरची खोली’ मिळाली, तेव्हा ती नीट मांडावी, सजवावी, असं वाटणं स्वाभाविकच होतं. त्या पिढीला बसायला खुर्ची नव्हती, म्हणून तिनं आधी खुर्ची घेतली. आज अडचण वेगळी आहे, खरेदीचा क्रम मात्र तोच राहिला.

सामान मिळवायला या पट्ट्याला लांब जावं लागत नाही, कधीच लागलं नाही. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या ग्रीक प्रवाशानं कल्याण बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात तांबं, शिसवाचं समजलं जाणारं लाकूड आणि कापड यांची नोंद केली आहे. लाकूड आणि कापड, म्हणजे घर सजवायला लागणाऱ्या दोन्ही मुख्य वस्तू. कापड आजही शेजारच्या भिवंडीत यंत्रमागांवर निघतं. फर्निचरचा मोठा बाजार उल्हासनगरला आहे आणि त्याची कथा फाळणीची आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी राहिली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासितांना तिथल्या बराकींमध्ये जागा दिली गेली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. स्वतःची घरंदारं मागं टाकून आलेल्या माणसांनी कापड, लाकूड, लोखंड, जे हाताला लागेल त्यात धंदा उभा केला. पडद्यांचं नि चादरींचं कापड घ्यायला गजानन मार्केट आणि जपानी बाजार, पलंग-सोफ्याला फर्निचर बाजार, ही वाट कल्याण-डोंबिवलीच्या दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडली आहे. डिसेंबर 2020 मध्ये तुर्भ्याला आयकिया आलं आणि घडीचं, स्वतः जोडायचं सामान हा आणखी एक पर्याय मिळाला.

बाजार इतका हाताशी असूनही घर घुसमटतं, कारण दुकानात जाण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसण्याची रीत आपल्याकडं नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार दोन खोल्यांच्या घरात एक खोली किमान 9.5 चौरस मीटरची आणि दुसरी 7.5 चौरस मीटरची हवी. म्हणजे साधारण 102 आणि 81 चौरस फूट. आपल्याकडच्या वन-बीएचकेतली बेडरूम धरा दहा बाय दहा. एका भिंतीला दोन फूट खोल कपाट. त्याच्यासमोर सहा फूट रुंद किंग साइज पलंग, पलीकडच्या भिंतीला चिकटवून. मधे उरले दोन फूट. कपाटाचं दार दीड-दोन फुटांचं असतं, ते उघडलं की उभं राहायला जागा नाही. भिंतीकडं झोपणाऱ्यानं रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून. पहाटे पाचला उठणाऱ्या जोडप्यात एकाचा गजर दोघांची झोप घालवतो, तो निम्मा या मांडणीमुळं. तोच पलंग पाच फुटी घेतला तर मधली जागा तीन फूट होते, दार मोकळं उघडतं. चार फुटी दिवाण घेतला तर चार फूट. किंग साइज पलंग एकटा 39 चौरस फूट जमीन खातो, पाच फुटी साडेबत्तीस. शोरूमचा हॉल प्रशस्त असतो, तिथं सहा फुटी पलंग लहानच दिसतो. म्हणून घरी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून पलंगाचा आकार आखावा आणि दोन दिवस त्याच्या कडेनं वावरून बघावं. जागेचा अंदाज यायला याहून चांगली युक्ती मला ठाऊक नाही.

आता गादी. आपल्याकडं पाठ दुखली की घरातलं वडीलधारं माणूस सांगतं, कडक झोप, फळीवर झोप. डॉक्टरांनीही वर्षानुवर्षं हेच सांगितलं. 2003 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांना निम्म्या-निम्म्या गटात कडक आणि मध्यम कडक गाद्या दिल्या होत्या. तीन महिन्यांनी मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचा त्रास अधिक कमी झालेला आढळला. पाठ सरळ राहिली पाहिजे हे खरंच, पण खांदा आणि नितंब थोडे आत जायला हवेत. फळीवर ते होत नाही, आणि अगदी मऊ फोममध्ये अख्खं शरीर रुततं.

मेमरी फोमची जाहिरात आज सगळीकडं आहे. 1966 मध्ये नासासाठी विमानाच्या आसनांच्या कामात तयार झालेला हा पदार्थ शरीराच्या उष्णतेनं मऊ होतो आणि ती उष्णता धरूनही ठेवतो. थंड देशात ही सोय आहे. एप्रिल-मेच्या कल्याणात वरच्या मजल्यावर, पंख्याखाली, घामेजल्या पाठीला ती नकोशी होते. आपल्या हवेत मला काथ्याची गादी किंवा वर पातळ लेटेक्सचा थर असलेली काथ्याची गादी अधिक पटते, कारण तिच्यातून हवा खेळते.

आणि कापसाच्या गादीला मोडीत काढण्याची घाई करू नये. ठाणे-डोंबिवलीच्या जुन्या गल्ल्यांमध्ये ‘गादी कारखाना’ अशी पाटी अजून दिसते. काम बघण्यासारखं असतं. जुन्या गादीची एक बाजू उसवतात. आतला कापूस गोळे होऊन, घामानं पिवळा पडून दबलेला असतो. तो पिंजण यंत्रात घालतात. पूर्वी पिंजारी धनुकलीची तार टणकारत दारोदार फिरायचा, आता यंत्रात दातेरी रूळ तो कापूस फोडतात. दुसऱ्या बाजूनं ढगासारखा फुललेला कापूस बाहेर पडतो आणि खाली सरकीची टरफलं नि धूळ साठते. मग खोळ जमिनीवर पसरून कापूस थराथरानं भरतात, कडा दाबतात, काठीनं सारखा करतात आणि दाभणानं आरपार टाके घालतात. टाका घट्ट बसला नाही तर वर्षभरात कापूस एका बाजूला सरकतो, म्हणून टाक्यांचं अंतर आधीच ठरवून घ्यावं. कापूस उसवल्यावर आणि पिंजून झाल्यावर, दोन्ही वेळा वजन करायला सांगावं. कचरा निघून थोडी घट होणारच, पण ती किती हे डोळ्यांसमोर दिसलेलं बरं. फोमची गादी आठ-दहा वर्षांनी टाकून द्यावी लागते. कापसाची गादी दर दोन-तीन वर्षांनी पिंजून पुन्हा नवी होते आणि टाकायची वेळ आली तरी मातीत मिसळते.

या पट्ट्यात सामानाचा खरा शत्रू ओल आहे. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भिंती पाझरतात, कपाटातल्या पैठणीला वास येतो, चपलांवर बुरशी चढते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठची घरं पाण्यात गेली. पूर नसला तरी दर पावसाळ्यात चिपबोर्डचं स्वस्त कपाट खालून पाणी शोषतं, फुगतं, बिजागरीचे स्क्रू सैल पडतात. म्हणून प्लायवूड घेताना त्यावरचा शिक्का वाचावा. एमआर म्हणजे फक्त दमटपणा सोसणारं. बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याच्या परीक्षेत उतरलेलं. स्वयंपाकघराच्या सिंकखाली आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाला आयएस 710 चं मरीन प्लाय लावावं. नव्या एमडीएफचा डोळ्यांना झोंबणारा वास बऱ्याचदा त्यातल्या गोंदाच्या फॉर्मल्डिहाइडचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये हा पदार्थ माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या यादीत घातला. लहान मूल असलेल्या घरात नवं कपाट आणल्यावर महिनाभर खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि त्या खोलीत मुलाला झोपवू नये.

पेटीच्या पलंगाबद्दल माझं मत जरा कडक आहे. वन-बीएचकेत जादा गाद्या, ब्लँकेटं, दिवाळीचे कंदील ठेवायला दुसरी जागा नसते, हे मान्य. पण गादीखाली सपाट प्लाय, त्याखाली बंद पेटी आणि वर घाम गाळणारी दोन माणसं, असा हा कारभार आहे. ओल खाली उतरते आणि अडकते. सप्टेंबरात गादी उचलली की तिच्या पाठीवर काळे ठिपके दिसतात. पेटी हवीच असेल तर सुताराकडून वरच्या प्लायला वीतभर अंतरावर भोकं पाडून घ्यावीत आणि ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की गादी गच्चीत टाकावी. पुष्कळ सोसायट्या गच्चीला कुलूप लावतात. वर्षातून दोन रविवार सगळ्यांच्या गाद्यांसाठी गच्ची उघडी ठेवावी, असा ठराव सर्वसाधारण सभेत मांडायला काय हरकत आहे? धुळीतले सूक्ष्म किडे दमट अंथरुणात वाढतात आणि दम्याचं माणूस घरात असेल तर त्याच्या रात्री त्यांच्यामुळं वाईट जातात.

उजेडाकडं आपलं जवळजवळ लक्षच नसतं. पांढराशुभ्र ट्यूबचा उजेड म्हणजे स्वच्छ घर, ही समजूत घट्ट आहे. बाजारातले पांढरे एलईडी बहुधा 6500 केल्विनचे, म्हणजे दुपारच्या ढगाळ आकाशाएवढे निळसर. रात्री असा उजेड डोळ्यांवर पडला की मेंदूत मेलाटोनिन तयार होणं लांबतं आणि झोपही लांबते. हॉलमध्ये पोरं अभ्यास करतात, तिथं पांढरा दिवा राहू द्या. बेडरूममध्ये 2700 केल्विनचा पिवळसर बल्ब, तोही छताला न लावता पलंगाशेजारी, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. एवढा बदल भाड्याच्या घरातही करता येतो.

पडदे घेताना लोक रंग बघतात, मी कापड उजेडासमोर धरून बघायला सांगेन. रस्त्यावरचा सोडियमचा दिवा किंवा समोरच्या टॉवरचा फ्लडलाइट आत येत असेल तर मागं दाट अस्तर हवं. पडद्यानं आवाज थांबेल अशी आशा मात्र ठेवू नये. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे, पण रुळांना लागून राहणाऱ्यांना ती कागदावरच भेटते. पडद्यानं खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरच्या मालगाडीची घरघर नाही. ती खिडकीच्या सरकत्या चौकटीतल्या फटींतून येते. त्या फटींना रबरी पट्टी लावण्याचा खर्च पडद्याच्या एका पाखीपेक्षा कमी येतो आणि गुण जास्त देतो.

पंखा खोलीच्या मधोमध असतो, झोपणारी माणसं मात्र एका भिंतीकडं. हुक हलवता येत नसेल तर पलंग हलवावा. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना तारांकन सक्तीचं झालं. बीएलडीसी मोटरचा पंखा जुन्या 75 वॉटच्या पंख्याच्या निम्म्याहून कमी वीज घेतो आणि कमी गतीवर आवाजही कमी करतो.

या सगळ्यानंतर सोफ्याचा विचार करावा, आणि घरात सत्तरीचं कुणी असेल तर खुर्चीचा आधी. हल्लीचे सोफे खोल आणि बुटके असतात. आजी त्यात बसतात आणि उठताना कुणाचा तरी हात मागतात. मग हळूहळू हॉलमध्ये यायचंच टाळतात, दिवसभर पलंगावर पडून राहतात, आणि रात्री झोप येत नाही. बसायची उंची जमिनीपासून 17-18 इंच, पाठ सरळ, हाताला धरायला भक्कम लाकडी हात, अशी खुर्ची उल्हासनगरचे कारागीर मापानं करून देतात. दुकानात सोफा किंवा खुर्ची उलटी करून बघायला संकोचू नये. खालचं काळं कापड एका कोपऱ्यात उचललं की आतली चौकट सागाची आहे की जंगली लाकडाची, पट्ट्या ताणलेल्या आहेत की लोंबकळताहेत, सांध्याला स्क्रू आहे की नुसता खिळा, सगळं कळतं. आणि ज्यांच्यासाठी खुर्ची घ्यायची, त्यांना सोबत न्यावं. आजोबांना त्यात दहा मिनिटं बसू द्यावं, मग कुणीही हात न देता उठायला सांगावं. त्यांना एका दमात उठता आलं, तर किमतीची बोलणी सुरू करावी.