कालवड की गोऱ्हा?

कृष्णाकाठच्या गोठ्यात संकरित गाय व्यायला टेकली की सारे घर जागे असते. वासरू बाहेर आले की पहिला प्रश्न एकच, "कालवड की गोऱ्हा?" कालवड म्हटले की चेहरे खुलतात. गोऱ्हा म्हटले की कोणी फारसे बोलत नाही. औताची कामे ट्रॅक्टरने घेतली आणि २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे. दुधाच्या पैशांवर मुलांच्या फिया भरणाऱ्या घराने त्याला पोसायचे कसे? मग कुणी त्याला पोटभर दूध पाजत नाही, कुणी रात्री लांब नेऊन सोडून देते. उघड कोणी सांगत नाही. ठाऊक सगळ्यांना असते.

या प्रश्नाचे एक उत्तर सांगली जिल्ह्यातच भिलवडी परिसरात आले. तिथे चितळे डेअरीच्या सहकार्याने जीनस एबीएस या परदेशी कंपनीचे वीर्यकेंद्र उभे राहिले. कालवडीच व्हाव्यात असे वीर्य ही कंपनी विकते. त्यामागची करामत आहे ती एकेक पेशी तपासण्याची.

वासरू नर की मादी, हे वळूच्या शुक्रपेशीवर ठरते. 'एक्स' पेशीपासून कालवड, 'वाय' पेशीपासून गोऱ्हा. दोन्ही दिसायला सारख्याच. फक्त 'एक्स'मध्ये डीएनए सुमारे ४ टक्के जास्त. डीएनएला चिकटणारा रंग देऊन लेझर टाकला की 'एक्स' किंचित अधिक चमकते. अमेरिकी कृषी खात्यातील लॉरेन्स जॉन्सन यांच्या गटाने १९८९ मध्ये सशांवर ही युक्ती यशस्वी केली.

अडचण अशी, की पेशीचे डोके चपटे असते. ती वाकडी गेली तर चमक चुकीची मोजली जाते. इथे नखाएवढ्या चिपमधल्या केसासारख्या बारीक खोबणी कामी येतात. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना भेटतात आणि पाणी एकरूप होते. खोबणी इतकी अरुंद असली, की भेटलेल्या धारा मिसळत नाहीत. शेजारी शेजारी वाहतात. कडेच्या धारा मधलीला दाबून बारीक करतात. मग पेशी एकामागून एक, एकाच कुशीवर, लेझरपुढून जातात. नको असलेली पेशी दुसरा लेझर जागीच निकामी करतो. सेकंदाला हजारो पेशींचा असा निवाडा होतो.

अर्थात हमी पूर्ण नाही. दहांतली साधारण नऊ वासरे कालवडी निघतात. साध्या कांडीत सुमारे २ कोटी पेशी असतात, या कांडीत काही लाखच. त्यामुळे गाय गाभण राहण्याचे प्रमाण थोडे कमी असते, माजाची वेळ नेमकी साधावी लागते. कांडी महागही पडते. म्हणून ती तरण्या, निरोगी जनावरालाच वापरावी, असे डॉक्टर सांगतात.

आणि गंमत पाहा. त्याच सांगलीत आटपाडीकडे किंवा साताऱ्याच्या माण-खटावात जा. तिथे खिलार गाईला देखणा गोऱ्हा झाला तर घर हरखते. खरसुंडीच्या, पुसेगावच्या बाजारात त्याच्याभोवती माणसे गोळा होतात. चिपला फक्त ४ टक्क्यांचा फरक कळतो. हवे कोण आणि नको कोण, हे आपण ठरवतो. माणसात अशी निवड कायद्याने गुन्हा आहे. गोठ्यात ती करण्याची मुभा आहे, पण मुभेबरोबर जबाबदारीही येते.

दहावे वासरू गोऱ्हा असणारच. चिप जन्माआधीचे पाहते. जन्माला आलेल्याचे मात्र आपल्यालाच पाहावे लागेल.